सोनोग्राफीला उपाशीपोटी का यावे

जळगावात पोटाची सोनोग्राफी करताना उपाशीपोटी येण्याचे कारण मला रोज सांगावे लागते, आणि ते मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. चोपडा किंवा रावेरहून सकाळच्या एस.टी.ने येणारी एखादी आजी वाटेत दुधाचा चहा पिते, त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते आणि आतील खडे नीट दिसत नाहीत. ६ ते ८ तास उपाशी राहिल्यास पित्ताशय पित्ताने भरलेले असते. त्यात खडा असेल तर तो पडद्यावर पांढरा चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते, आणि कूस बदलल्यावर तो घरंगळला तर तो पॉलिप (पित्ताशयाच्या भिंतीला चिकटलेली वाढ) नाही हे समजते.

उन्हाळ्यात भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा शेतात राबणाऱ्यांच्या शरीरातील पाणी घटून लघवी दाट होते आणि मूतखड्याचा त्रास वाढतो. मूत्रवाहिनीतील लहान खडा सोनोग्राफीत आतड्यांतील वायूआड लपू शकतो, कारण ध्वनिलहरी वायूतून नीट पुढे जात नाहीत. अशा वेळी कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र ठळक करणारे औषध न देता) केलेला सीटी स्कॅन अधिक खात्रीचा ठरतो. गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असल्यास मात्र, किरणोत्सर्ग टाळण्यासाठी, मी सोनोग्राफीनेच सुरुवात करतो.

अपेंडिक्सबाबत मी विशेष सावध असतो. दाबूनही न चपटणारे, ६ मिलिमीटरहून जाड अपेंडिक्स सूज सुचवते. परंतु ते दिसलेच नाही, तर सूज नाही असे मी अहवालात कधीही लिहीत नाही.