देवखोलीच्या भिंतीतली सातेरी

मधमाश्यांची पोळी न जाळता काढायची आणि पेटीत बसवायची, हे माझं काम. हरतालिकेच्या सकाळी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतून फोन आला. "भाऊ, देवखोलीत आग्या बसलाय. उद्या गणपती. आज काय ते करा, नाहीतर आम्ही औषध फवारतो."

आग्या घराच्या भिंतीत बसत नाही. तो उघड्यावर, उंच झाडाला नाहीतर कड्याला एकच मोठं पोळं लटकवतो. अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी लावते ती सातेरी. हे फोनवर सांगितलं, पण गडावर पर्यटकांच्या मागे लागलेल्या आग्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले. त्यांच्या लेखी माशी म्हणजे तीच.

पोचलो तेव्हा मुंबईची माणसं येऊन घर भरलं होतं. माटवी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधून झाली होती आणि तिच्या मागच्या भिंतीतून मधूनच एखादी माशी ट्यूबलाइटकडे झेपावत होती. जांभ्याचं जुनं घर. गिलाव्यावरून तळहात फिरवत गेलो. भाद्रपदात आमच्याकडची भिंत ओलसर, गार लागते. एका हातभर जागी मात्र ती कोरडी होती, कोमट होती. पिल्लांच्या पोळ्यांभोवती माश्या ३४-३५ अंश ऊब राखतात. म्हणजे आत पिल्लं होती, संसार चालू होता.

"काढा," थोरले दादा म्हणाले. मी नाही म्हटलं. पावसात फुलोरा नाही, साठवलेला मध संपत आलेला. अशा वेळी पोळी कापून पेटीत बांधली की सातेरी बहुतेकदा पेटी सोडून जाते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका घरातून मी अशीच काढली होती. साखरेचा पाक देत राहिलो. अकराव्या दिवशी पेटी उघडली तर पोळ्यांत मेलेली पिल्लं, माशी एकही नाही. ती पेटी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

"म्हणजे गणपतीत ह्या इथेच?" सूनबाईंचा आवाज चढला. एका पुतण्याने मोबाइलवरचा मेसेज वाचला, माश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइनस्टाइन म्हणाला होता म्हणे. आइनस्टाइन असं बोलल्याची कुठेही नोंद सापडत नाही. मी त्याला माटवीकडे बघायला सांगितलं. वर तवसं, म्हणजे मोठी काकडी, टांगलं होतं. त्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एकाचे परागकण दुसऱ्यावर कोणी नेले नाहीत तर तवसं धरत नाही. येताना परसातल्या वेलावर मी ह्याच माश्या बघितल्या होत्या.

मग माश्यांची बाहेरची वाट शोधायला मागच्या अंगाला गेलो. माणूसभर उंचीवर, दोन चिऱ्यांच्या सांध्यात त्यांचं दार. समोर एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती. ती जवळ येई तशा दारावरच्या माश्या एकदम अंग थरथरवत, त्या चिऱ्यावरून लाट गेल्यासारखी दिसे. गांधील तरीही टेकली आणि पाचपन्नास माश्या तिच्यावर तुटून पडल्या. गच्च गोळा झाला. डंखाने नव्हे, उष्णतेने मारतात त्या तिला. पंखांचे स्नायू थरथरवून गोळ्याच्या आत ४५ अंशांच्या वर ऊब नेतात. गांधील तेवढ्यात मरते, सातेरी त्याहून थोडं जास्त सोसते. घरातली सगळी माणसं माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, मुलंसुद्धा गप्प. अर्ध्या तासाने गोळा सुटला आणि गांधील खाली पडली.

"काय म्हणतत हेंका?" आजींनी विचारलं. त्या घरात वर्षभर एकट्याच असतात.

"सातेरी."

"सातेरी म्हणजे आमच्या देवीचा नाव." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "दोन वर्सां झाली, माझ्यावांगडा आसत ती. कोणाक काय करूक नाय." दोन वर्षांत त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे कोणी वाद घातला नाही. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, उरलेली शाडू माती आणली. तिन्हीसांजेला, माश्या परतल्यावर, देवखोलीचे दिवे मालवले आणि आतली बारीक भेग लिंपून घेतली. बाहेरचं दार तसंच ठेवलं. मग दिवे लावले. तासभर बसलो, एकही माशी आत आली नाही. निघताना बघितलं तर धाकटी नात भिंतीच्या त्या जागी गाल टेकून आतली गुणगुण ऐकत होती.

तुळशीचं लग्न झाल्यावर पुन्हा गेलो. चिरे सैल करून सात पोळी काढली, केळीच्या दोराने चौकटींना बांधली. राणी चौथ्या पोळ्यावर मिळाली. पेटी परसात जांभळीखाली ठेवली. मी हात धुऊन आत आलो तेव्हा आजी देवखोलीत भिंतीवर तळहात ठेवून उभ्या होत्या.

"गार लागता रे, झिला," म्हणाल्या.