आमची वाटचाल : एका अल्बमचे चौदा अल्बम

आमची फर्म सुरू झाली ती सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून देण्यासाठी. दोन भागीदार, तीन सीडी ड्राइव्ह आणि एक म्युझिक सर्व्हर, म्हणजे साठवलेली गाणी अल्बमवार मांडून ऐकवणारी व्यवस्था. गाणी नीट वाजली की आपलं काम झालं, अशी आमची भाबडी समजूत. ती पहिल्याच मोठ्या ग्राहकाने मोडली. फोनवर म्हणाले, "गाणी सगळी आहेत हो, पण माझा एक अल्बम चौदा ठिकाणी दिसतोय!"

तो चौदा गायकांचा संग्रह होता. सर्व्हर अल्बमचं नाव आणि गायकाचं नाव जोडून गट पाडत होता. चौदा गायक, म्हणून चौदा अल्बम. आम्ही घाईघाईने गायकाची अट काढली. संग्रह जुळला, पण 'ग्रेटेस्ट हिट्स' या नावाच्या पाच वेगवेगळ्या कलाकारांच्या सीड्या एकात एक मिसळल्या. पहिला ट्रॅक पाच वेळा, मग दुसरा पाच वेळा. ग्राहकाने तो तसाच ऐकला आणि पुन्हा फोन केला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की डिस्कवर 'अल्बम' नावाची वस्तूच नसते. असतात सुट्या फायली आणि प्रत्येकीत टॅगची एक चिठ्ठी, गाणं, गायक, अल्बम यांची नावं लिहिलेली. त्या चिठ्ठ्या वाचून सर्व्हर ठरवतो की कोण कोणाच्या घरचं. हे ठरवणं सुधारायचं, हाच पुढे आमचा धंदा झाला. सीड्या उतरवणं कधीच मागे पडलं.

चिठ्ठीचा इतिहास गमतीचा आहे. १९९६ मध्ये एमपी३साठी आयडी३ टॅग आले, तेव्हा अल्बमच्या नावाला जागा होती जेमतेम ३० बाइट. लांबलचक नावाच्या शेवटी 'भाग १', 'भाग २' असेल तर तेवढंच कापलं जायचं आणि दोन्ही भाग एक व्हायचे. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत जागा वाढली, पण 'अल्बम-कलाकार' हे खातं तिथेही नव्हतंच. वाद्यवृंदासाठी ठेवलेल्या टीपीई२ या खात्यात लोक ते लिहू लागले आणि तोच रिवाज झाला. संग्रहाचं कोडं सुटतं ते इथे: गायक प्रत्येक गाण्याचा वेगळा ठेवायचा आणि अल्बम-कलाकार सगळीकडे एकच, 'विविध कलाकार'.

बरं, टॅगमधली नावं आली कुठून? साध्या सीडीवर बहुधा नावं नसतातच. उतरवताना सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांबीवरून सीडी ओळखून सीडीडीबी किंवा फ्रीडीबीसारख्या नेटवरच्या यादीतून नावं आणायचं. ती यादी भरणारे हौशी लोक. दोन सीड्यांच्या संचातली पहिली एकाने भरलेली, दुसरी दुसऱ्याने; एकाने 'डिस्क १' कंसात लिहिलेलं, दुसऱ्याने नुसतं 'सीडी टू'. माणूस हे क्षणात ओळखतो. सर्व्हरच्या लेखी ते दोन अल्बम. डिस्क क्रमांकाचं वेगळं खातं असतं, तो तिथे लिहावा आणि नाव स्वच्छ ठेवावं, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. निम्मे ऐकतात.

देवनागरीत तर आणखी मजा. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरच्या आत ते वेगळे, आणि युनिकोड या अक्षरसंकेताच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करण्यानेही) ते एक होत नाहीत. दिसायला तंतोतंत सारखे दोन अल्बम शेजारी शेजारी पाहून माझ्या भागीदाराने एक पूर्ण दिवस डोकं धरलं होतं.

भागीदार फोल्डरवाला, मी टॅगवाला. तो म्हणायचा, एक फोल्डर म्हणजे एक अल्बम, विषय संपला. सर्व्हर बनवणाऱ्यांचंही यावर एकमत नाही. जेलिफिन अल्बमगणिक फोल्डर मागतो. नॅव्हिड्रोम फोल्डरकडे न बघता टॅगवर चालतो. एमपीडी अल्बमची भानगडच क्लायंटवर, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ॲपवर सोपवतो. मला तिसरा प्रामाणिक वाटतो, पण ग्राहकाला प्रामाणिकपणा नको, मुखपृष्ठांची सुबक रांग हवी असते.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र गटांची नव्हती, ओळखीची होती. एका मोठ्या संग्रहातली नावं आम्ही एका रात्रीत झाडूनपुसून साफ केली. सकाळी अल्बम अगदी देखणे, आणि ग्राहकाने पसंतीचे दिलेले सगळे तारे, ऐकण्याचे आकडे गायब. त्या सर्व्हरमध्ये अल्बमचा आयडी, म्हणजे त्याची आतली ओळखखूण, नावावरूनच बनत होता. नाव बदललं की जुना अल्बम मेला आणि नवा जन्मला. फायलींचा बॅकअप होता, डेटाबेसचा नव्हता. पैसे परत केले, आणि त्यानंतर डेटाबेसची प्रत काढल्याशिवाय एक स्वल्पविरामही हलवला नाही.

त्यानंतर आम्ही म्युझिकब्रेन्झ या नेटवरच्या खुल्या संगीतसूचीच्या आयडीकडे वळलो. तिथे 'रिलीज ग्रुप' म्हणजे अल्बम ही कल्पना, आणि 'रिलीज' म्हणजे त्याची एखादी विशिष्ट आवृत्ती. मूळ आणि रीमास्टर वेगळे राहतात, दोन डिस्कचा संच एकाच रिलीजमध्ये बसतो, शुद्धलेखनाचा प्रश्नच उरत नाही. नॅव्हिड्रोममध्ये ०.५५ या आवृत्तीपासून रिलीजचा आयडी असेल तर आधी तोच पाहिला जातो; नसेल तर अल्बम-कलाकार, नाव, आवृत्ती आणि प्रकाशनाची तारीख. हा क्रम आपल्याला बदलताही येतो. पण म्युझिकब्रेन्झचं टॅग भरणारं सॉफ्टवेअर पिकार्ड, त्याला गाणी एकेकटी ओळखायला लावली, तर अर्धी एका रिलीजला चिकटतात, अर्धी दुसऱ्याला, आणि अल्बम पुन्हा दुभंगतो. म्हणून आम्ही आख्खा अल्बम एकदम जुळवतो. वेळ जातो, बिलही वाढतं.

चौदा गायकांचा तो संग्रह आम्ही ग्राहकाच्या परवानगीने चाचणीसाठी ठेवला आहे. त्याला म्युझिकब्रेन्झचा आयडी मुद्दाम दिलेला नाही. सर्व्हरची नवी आवृत्ती आली की आधी तोच स्कॅन होतो. मागच्या खेपेला त्याचे दोन तुकडे दिसले. दुपारभर शोधलं. नवव्या गाण्याला कुणीतरी वर्षाऐवजी पूर्ण तारीख लिहिली होती. कुणीतरी म्हणजे मीच.