समुद्र निसटलेले नाणे

लिस्बनच्या फेइरा दा लाद्रा या जुन्या बाजारात, दुपारच्या उन्हात, एका विक्रेत्याच्या ताटलीतल्या हिरवट-काळ्या चकत्यांमधून मी एक सेइतील उचलले आणि त्याची वरची बाजू कोणती हेच मला बराच वेळ उमगेना. राजा पाचवा अफोंसो याच्या कारकिर्दीत, म्हणजे १४३८ ते १४८१ या काळात, पाडायला सुरुवात झालेले हे तांब्याचे नाणे अगदी खालच्या मोलाचे. अशी सहा मिळून एक रेआल होई. एका बाजूला पोर्तुगालचे राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला तीन बुरुजांचा कोट आणि त्याच्या पायथ्याशी लाटा, ही त्याची ठरलेली छाप. माझ्या हातातल्या नाण्यावर जेमतेम दीड बुरूज होता आणि समुद्र तर पार चकतीबाहेर गेला होता.

ही नाणी हाताने पाडली जात: खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, त्यावर तांब्याची चकती, तिच्यावर हातात धरलेला दुसरा ठसा आणि मग हातोड्याचा घाव. हात जरा हलला की कोट सरकलाच. सोन्याचे नाणे असते तर ते तोलूनपारखून घेतले गेले असते, पण सेइतीलची तेवढी पत नव्हती, त्यामुळे त्यांची वजनेही एकसारखी नसतात. मला अशीच सरकलेली नाणी आवडतात, आणि पूर्ण छापेसाठी चढी किंमत मोजणाऱ्या संग्राहकांशी माझे कधीच जमत नाही. या खोडीचे मूळ आजीच्या देव्हाऱ्यात असावे. तिथल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ यातली निम्मीच अक्षरे उतरली होती आणि आजी तीही चिंचेच्या कोळाने घासून घासून पुसट करीत होती. एखाद्या नाणेतज्ज्ञाने ते पाहिले असते तर कपाळावर हात मारून घेतला असता.

सेइतीलवरचा कोट सेउटाचा मानला जातो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे हे शहर अफोंसोचा आजोबा, राजा पहिला जुआंव, याने २१ ऑगस्ट १४१५ रोजी एका दिवसात घेतले. सैन्याने ते लुटले आणि तिथल्या मुख्य मशिदीचे चर्च झाले. ज्या तटांमागून माणसे परागंदा झाली, त्याच तटांचे चित्र पुढे लिस्बनच्या बाजारात सुट्ट्या पैशांसारखे या हातातून त्या हातात फिरत राहिले. गोवा घेतल्यावर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनेही १५१० मध्येच तिथे नाणी पाडून घेतली, आणि त्यांत तांब्याचीही होती.