उणे एक

स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) निमूट पार पडलं होतं. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसने एका ओळीत वाटेला लावलं: एरर १२१५, फॉरेन की लावता येत नाही. का, ते सांगणार नाही. (८.० निदान न जुळणाऱ्या कॉलमांची नावं तरी देतं.)

काम एवढंच, की ऑर्डर्स टेबलमधला कस्टमर आयडी कस्टमर्स टेबलच्या आयडीला फॉरेन कीने बांधायचा, म्हणजे नसलेल्या कस्टमरची ऑर्डर नोंदली जाणार नाही. दोन्हीकडे टेबलाची रचना दाखवणारी शो क्रिएट टेबल ही कमांड मारली. टाइप दोन्हीकडे इंट, म्हणजे पूर्णांक; पण कस्टमर्समध्ये इंट(१०), ऑर्डर्समध्ये इंट(११). सापडलं! ११ चे १० केले. पुन्हा तोच एरर. कंसातला आकडा नुसता दाखवण्यापुरता असतो, साठवणीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला चांगलं माहीत होतं. पण रात्री साडेअकराला माहीत असलेलं सुचेलच असं नाही. फॉरेन की चेक्सही बंद करून पाहिले, कबूल करते. टाइपच जुळत नसेल तर तेही कामाला येत नाही.

शेवटी सीनियरला फोन लावला. "अगं, कंस सोड. कंसाच्या पुढे काय लिहिलंय ते वाच."

कस्टमर्सच्या आयडीपुढे 'अनसाइन्ड' (उणे आकडे चालणार नाहीत) होतं, ऑर्डर्समध्ये नव्हतं. दोन्ही चार बाइटच. पण एक शून्यापासून ४२९ कोटींपर्यंत जातो, दुसरा उणे २१४ कोटींपासून अधिक २१४ कोटींपर्यंत. व्हारकॅरची, म्हणजे मजकुराच्या कॉलमची, लांबी कमीजास्त असली तरी इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) चालवून घेतं, चिन्हाच्या बाबतीत नाही. स्टेजिंगची टेबलं मायग्रेशनमधून नव्याने बनलेली. प्रॉडक्शनचं ऑर्डर्स कुणीतरी फार पूर्वी हाताने बनवलेलं.

टाइप बदलायचा म्हणजे अख्ख्या टेबलाची नक्कल होणार आणि तोवर लिहिणं बंद. मेंटेनन्सचं पान लावलं, टाइप बदलणारी ऑल्टर कमांड सोडली. एरर १२६४, किंमत मर्यादेबाहेर.

आयडी, आणि उणे? शून्याखालच्या ओळी काढल्या. हजारो ओळी, सगळ्यांत एकच आकडा: उणे एक. नोंदणी न करता खरेदी करणारे गेस्ट! म्हणजे अनसाइन्ड लिहायचं कुणी विसरलं नव्हतं. तो उणे एक बसावा म्हणूनच कॉलम साइन्ड ठेवला होता. न बसणारी किंमत नाकारणारा स्ट्रिक्ट मोड चालू होता हे नशीब, नाहीतर ते सगळे गुपचूप शून्य झाले असते.

कोडमधल्या उणे एकशी केलेल्या तुलना शोधून बदलल्या, कॉलममध्ये नल, म्हणजे 'किंमतच नाही', चालेल असं केलं, सगळे उणे एक नल केले आणि ऑल्टर पुन्हा सोडली. नल असेल तिथे फॉरेन की तपासतच नाही. रात्री दीडला फॉरेन कीचा कन्स्ट्रेंट लागला.

सकाळी अकाउंट्सचा फोन. "मागच्या महिन्याची विक्री एका रात्रीत कमी कशी झाली?"

रिपोर्टच्या क्वेरीत टेस्टिंगचं खातं वगळायला अट होती: कस्टमर आयडी ७ नसावा. उणे एक म्हणजे ७ नव्हे, त्यामुळे गेस्ट आजवर मोजले जात होते. नल मात्र ७ आहे असंही नाही आणि नाही असंही नाही, म्हणून सगळे गेस्ट बाहेर. क्वेरीत 'किंवा नल असेल तर' एवढं जोडलं आणि त्यांना परत फोन केला.