खाणीच्या गावातले बॉम्बर्स

कॅनडाच्या नकाशावर मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या दोन प्रांतांची सीमा धरून उत्तरेकडे सरकत गेले, तर शेते संपून खडक, तळी आणि सूचिपर्णी जंगल सुरू होते, आणि त्या टापूत अगदी सीमारेषेवर फ्लिन फ्लॉन हे गाव लागते. आज तिथे जेमतेम पाच हजार माणसे राहतात, आणि भरभराटीच्या काळातही वस्ती दहा हजारांच्या आसपासच होती. या गावच्या ज्युनियर आइस हॉकी संघाने, बॉम्बर्सनी, १९५७ मध्ये ज्युनियर गटातला देशातला सर्वांत मानाचा मेमोरियल कप जिंकला आणि पुढे बॉबी क्लार्क व रेजी लीच ही जोडी घडवली. हा इतिहास सांगताना छोट्या गावाच्या जिद्दीवर भर देण्याची रीत पडून गेली आहे. जिद्द होतीच, पण मला या संघाच्या वाटचालीत अधिक मोलाचे वाटतात ते तीन प्रश्न: संघ कुणाच्या पैशावर उभा राहिला, तो पैसा पुरेनासा झाल्यावर काय घडले, आणि पैसा देणारी खाण बंद पडल्यावरही संघ कसा टिकला.

मुळात गाव वसले ते खनिजामुळे. टॉम क्रेटन हा धातुशोधक १९१५ मध्ये या भागात फिरत असताना त्याला तांबे आणि जस्ताचा मोठा साठा सापडला. पण ते खनिज बाहेर काढायला लागणारे भांडवल न्यूयॉर्कच्या व्हिटनी घराण्याकडून यायला १९२७ साल उजाडले. त्या वर्षी हडसन बे मायनिंग अँड स्मेल्टिंग कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी रेल्वे आली. खडक इतका कठीण की जमिनीखालून सांडपाण्याचे नळ टाकणे शक्य नव्हते, म्हणून ते जमिनीवरूनच लाकडी पेट्यांतून नेले गेले, आणि त्या पेट्यांच्या झाकणांवरून लोक पदपथावरून चालावे तसे चालू लागले. गाव अजून धड उभे राहिलेले नसताना, त्याच १९२७ साली, हॉकीचा संघ मात्र उभा राहिला.

कंपनीला संघ हवा होता यात नवल नाही. वर्षातले कित्येक महिने गोठलेल्या, जवळपास दुसरे शहर नसलेल्या ठिकाणी कामगार टिकवायचे, तर संध्याकाळी जायला एक जागा आणि आपले म्हणायला काहीतरी लागते. सुरुवातीचा संघ प्रौढांचा होता, आणि चांगल्या खेळाडूला या आडबाजूला आणण्याचा साधा उपाय म्हणजे कंपनीतली नोकरी. महामंदीच्या वर्षांत नोकरीची हमी हेच मोठे आमिष होते. पुढे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये डेट्रॉईट रेड विंग्जचा कर्णधार म्हणून गाजलेला सिड एबल १९३७-३८ च्या हंगामात याच बॉम्बर्सकडून खेळला.

दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बर्सची ओळख ज्युनियर संघ म्हणून पक्की झाली. कॅनडात ज्युनियर म्हणजे साधारण विशीपर्यंतची मुले. ती घर सोडून दुसऱ्या गावी येतात, तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात, शाळा किंवा काम सांभाळून खेळतात, आणि एनएचएलच्या निवडीची वाट पाहतात. फ्लिन फ्लॉनमध्ये या मुलांनाही कंपनीत अर्ध्या दिवसाचे काम मिळे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सकाळी खाणीच्या आवारात राबायचा आणि दुपारी बर्फावर सरावाला उभा राहायचा. या व्यवस्थेचे जुने वर्णन वाचताना मला नेहमी वाटते की बॉम्बर्सच्या अंगात जो काटकपणा होता, त्याची निम्मी तालीम रिंकच्या बाहेरच होत असावी. शिवाय मुलाच्या हातात पगार पडत होता, आणि गरीब घरातल्या मुलासाठी हा फरक लहान नव्हता.

१९५७ च्या विजयाकडे याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे. प्रशिक्षक होते बॉबी कर्क, जे स्वतः न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळले होते, आणि कर्णधार होता टेड हॅम्पसन. अंतिम मालिका सात सामन्यांची होती आणि समोर होता ओटावा-हल कॅनेडियन्स, म्हणजे मॉंट्रियल कॅनेडियन्स या देशातल्या सर्वांत बलाढ्य क्लबच्या पंखाखाली वाढलेला संघ. त्याची सूत्रे सॅम पोलॉक यांच्या हातात होती, ज्यांनी पुढे मॉंट्रियलचे सरव्यवस्थापक म्हणून नऊ स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची नऊ अजिंक्यपदे, पाहिले. एका बाजूला देशभरातून निवडून आणलेली मुले आणि दुसऱ्या बाजूला खाणीतून सुट्टी काढून आलेली मुले, असे चित्र रंगवण्याचा मोह होतो, पण ते पूर्ण खरे नाही. त्या काळच्या नियमांनुसार अंतिम फेऱ्यांसाठी इतर संघांचे काही खेळाडू उसने घेता येत, आणि बॉम्बर्सनी प्रिन्स अल्बर्ट मिंटोजकडून ऑर्लंड कर्टनबाकला घेतले होते, जो १९७० मध्ये व्हँकुव्हर कॅनक्सचा पहिला कर्णधार झाला. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली आणि रेजायना शहरात झालेला सातवा सामना फ्लिन फ्लॉनने ३-२ असा जिंकला. ओटावा-हलने पुढच्याच वर्षी हाच कप नेला, यावरून प्रतिस्पर्धी किती तोलाचा होता ते कळते. फ्लिन फ्लॉनच्या वाट्याला मेमोरियल कप पुन्हा आला नाही.

संघाचा दुसरा मोठा कालखंड १९६७ पासूनचा, आणि माझ्या मते खेळाच्या दृष्टीने तोच अधिक समृद्ध. त्या वर्षी बॉम्बर्स पश्चिम कॅनडाच्या नव्या ज्युनियर लीगमध्ये दाखल झाले. प्रशिक्षक पॅट गिनेल होते. सेंटरच्या जागी खेळणारा बॉबी क्लार्क गावातलाच, खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. त्याच्या उजवीकडे रेजी लीच, विनिपेग सरोवराकाठच्या रिव्हर्टनचा, ओजिब्वे समाजातला, उसन्या आणि मापाने मोठ्या स्केट्सवर तोल सावरत शिकलेला. १९६७-६८ च्या हंगामात ५९ सामन्यांत लीचने ८७ गोल केले, आणि क्लार्कने ५१ गोल व ११७ साहाय्ये (सहकाऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) मिळून १६८ गुण नोंदवले. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की दोघांचे नाते स्पष्ट होते. क्लार्क गोलच्या मागे किंवा कोपऱ्यात जाऊन, अंगावर धक्के घेत पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, सोडवून आणायचा, आणि लीच मोकळ्या जागेत स्टिक उचलून तयार असायचा. पुढे फिलाडेल्फियात जगाने जे पाहिले, ते फ्लिन फ्लॉनने आधीच पाहून ठेवले होते.

क्लार्कला किशोरवयातच टाइप १ मधुमेह झाला होता, आणि एनएचएलचे निवडकर्ते त्याच्या खेळापेक्षा त्याच्या आजाराची चर्चा अधिक करत होते. या ठिकाणी गिनेल यांनी जे केले त्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. ते मुलाला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये घेऊन गेले आणि काळजी घेतली तर हा व्यावसायिक हॉकी खेळू शकतो, असे तिथल्या डॉक्टरांचे मत त्यांनी लेखी मिळवले. तरीही १९६९ च्या निवडीत त्याच्या आधी सोळा नावे पुकारली गेली, आणि ज्या फिलाडेल्फिया फ्लायर्सनी त्याला सतराव्या क्रमांकावर घेतले त्यांनीही पहिल्या फेरीत दुसऱ्याच खेळाडूला पसंती दिली होती. क्लार्कच्या नेतृत्वाखाली फ्लायर्सनी १९७४ आणि १९७५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप जिंकले. लीच १९७४ मध्ये त्याला तिथे पुन्हा येऊन मिळाला आणि १९७६ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, त्याने १९ गोल केले. फ्लायर्स अंतिम फेरीत हरूनही सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक लीचला मिळाला.

गिनेल यांच्या संघाची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. बॉम्बर्स अत्यंत आडदांड खेळत. त्यांच्या घरच्या रिंकवर, व्हिटनी फोरममध्ये, खेळायची वेळ आली की पाहुण्या संघातले काही खेळाडू अचानक आजारी पडत, आणि त्या आजाराला लीगमध्ये ‘फ्लिन फ्लॉन फ्लू’ म्हटले जाई. १९६९ मध्ये त्यांची लीग राष्ट्रीय संघटनेशी फारकत घेऊन वेगळी झालेली असल्यामुळे मेमोरियल कपचा मार्ग बंद होता, म्हणून विजेत्या बॉम्बर्सची ऑन्टारिओच्या सेंट थॉमस बॅरन्सशी एक समांतर राष्ट्रीय मालिका ठरली. चौथ्या सामन्यात हाणामारी झाल्यावर बॅरन्स बर्फ सोडून निघून गेले. अजिंक्यपद बॉम्बर्सना बहाल झाले, पण क्लार्क-लीच जोडीच्या काळातला एवढा गुणी संघ खऱ्या मेमोरियल कपच्या अंतिम मालिकेत कधी खेळलाच नाही, याची मला आजही हळहळ वाटते. या संघाला धसमुसळेपणाची गरज नव्हती. १९७० मध्ये लीगचे विजेतेपद त्यांनी पुन्हा जिंकले.

त्यानंतर लीग वाढली आणि इथेच गावाचे गणित चुकायला लागले. १९७१ मध्ये व्हिक्टोरिया आणि न्यू वेस्टमिन्स्टर हे पॅसिफिक किनाऱ्याकडचे संघ आले. म्हणजे बसने एका दिशेला दोन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास, वाटेतला मुक्काम, जेवण, आणि हे सर्व दोन हजारांच्या आसपास प्रेक्षक मावणाऱ्या रिंकच्या तिकीटविक्रीतून भागवायचे. मोठ्या शहरातल्या संघाला एक मोसम वाईट गेला तर दुसऱ्या मोसमात नवे प्रेक्षक मिळतात. फ्लिन फ्लॉनमध्ये जो यायचा तो आधीपासून येतच होता. गिनेल १९७३ मध्ये व्हिक्टोरियाला गेले. बॉम्बर्समधून एनएचएलच्या पहिल्या फेरीत निवडले जाणारे खेळाडू मात्र निघतच राहिले: १९७१ मध्ये जीन कार आणि चक अर्नासन, १९७४ मध्ये कॅम कॉनर. खेळाडू घडत होते, पैसे जमत नव्हते. अखेर १९७८ मध्ये संघाचा लीगमधला परवाना एडमंटनला गेला. तिथे तो एकच हंगाम टिकला, मग अमेरिकेतल्या ग्रेट फॉल्सला हलला, आणि तिथे हंगाम पुरा होण्याआधीच बंद पडला.

बॉम्बर्सचा इतिहास सांगणारे बरेच जण इथे थांबतात, आणि ते मला पटत नाही. परवाना गेला तरी बॉम्बर्स हे नाव आणि मरून-पांढरा गणवेश गावातच राहिला. संघ एक पायरी खाली उतरला आणि १९८४ पासून सस्कॅचेवान ज्युनियर हॉकी लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या खालच्या ज्युनियर ए स्तरावर, खेळू लागला. गाव बहुतांशी मॅनिटोबात असूनही संघ सस्कॅचेवानच्या लीगमध्ये खेळतो, कारण उत्तरेकडच्या या टोकावरून तिथले संघ जवळ पडतात. १९९३ मध्ये त्यांनी ही लीग जिंकली. २००१ मध्ये या स्तरावरच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची, रॉयल बँक कपची, स्पर्धा खुद्द फ्लिन फ्लॉनमध्ये भरली आणि यजमान बॉम्बर्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तिथे कॅमरोझ कोडियाक्सनी त्यांना हरवले. इतक्या छोट्या गावाने देशभरातले संघ, त्यांचे पाठीराखे आणि पत्रकार यांची सोय लावून ही स्पर्धा पार पाडली, हे मला १९५७ च्या कपाइतकेच मोठे काम वाटते.

व्हिटनी फोरममध्ये आज सामना पाहायला जाणाऱ्याला तिथली एक प्रथा विसरता येत नाही. प्लेऑफमधल्या विजयानंतर प्रेक्षकांतून मूस हरणाची अख्खी तंगडी बर्फावर फेकली जाते, खूर आणि केसांसकट. शिकारीवर वाढलेल्या उत्तरेच्या प्रदेशात हे कुणाला वावगे वाटत नाही. खेळाडू ती उचलून मिरवतात आणि स्टँडमधला गलका आणखी चढतो.

तोवर कंपनीचे मात्र दिवस फिरत होते. तांबे गाळणारी भट्टी २०१० मध्ये बंद झाली. तिची २५१ मीटर उंचीची चिमणी गावावर उभीच राहिली, धूर तेवढा थांबला. शेवटची मोठी खाण, ७७७, जून २०२२ मध्ये बंद झाली, आणि १९२७ पासून ज्या पगारावर संघ आणि गाव दोन्ही चालले होते तो आटला. नेमक्या त्याच वसंतात बॉम्बर्स लीगच्या अंतिम फेरीत एस्टेव्हन ब्रूइन्सकडून हरले. २०२३ मध्ये ते पुन्हा अंतिम फेरीत आले आणि बॅटलफर्ड्स नॉर्थ स्टार्सकडून हरले. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा आले आणि मेलफर्ट मस्टँग्जकडून हरले. लागोपाठ तीन अंतिम फेऱ्या, तिन्हींत हार, आणि तीसुद्धा ज्या वर्षांत गावातली कुटुंबे कामाच्या शोधात इतरत्र जायचे का, याचा विचार करत होती. १९९३ नंतरचे विजेतेपद अजून यायचे आहे.

संघ आता कंपनीचा नाही, कुणा श्रीमंत मालकाचाही नाही. तो गावाचा आहे, स्थानिक मंडळी तो चालवतात, आणि बाहेरगावची मुले अजूनही गावातल्या घरांत राहून खेळतात. फरक एवढाच की सकाळी खाणीवर जायचे काम आता त्यांना नाही, आणि बसच्या डिझेलचा खर्च तिकिटे, जाहिराती आणि देणग्यांतून काढावा लागतो. अंतर मात्र कमी झालेले नाही. लीगमधला सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धीही फ्लिन फ्लॉनपासून काही तासांच्या प्रवासावर आहे.