खालचा थर उचलला कसा?

सायस्मिक सेक्शनवर, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींतून काढलेल्या जमिनीखालच्या उभ्या छेदावर, तो उंचवटा दिसला आणि मी लगेच त्याला निळा रंग दिला: कार्बोनेट प्लॅटफॉर्म, म्हणजे उथळ समुद्रात साचलेला चुनखडकाचा जाड उंचवटा. सपाट माथा, तीव्र उताराच्या कडा, बाजूचे शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) थर कडेला येऊन टेकलेले. मलेशियातल्या सारावाकच्या समुद्रात, मध्य लुकोनियातले मायोसीन काळातले वायूसाठे अशाच गाडल्या गेलेल्या प्लॅटफॉर्ममध्ये सापडले, हे वाचलेलं होतंच.

आमच्या मॅडमनी मात्र बोट ठेवलं ते खालच्या थरावर. "हा नेमका इथेच वर का उचललाय?"

"जुना उंचवटा असेल, त्यावर प्रवाळ वाढले असतील."

"असेलही. आधी वेगाचा हिशोब मांड."

सेक्शनचा उभा अक्ष मीटरचा नसून वेळेचा असतो, हे मला पाठ होतं, पण अंगवळणी पडलं नव्हतं. कागद घेतला. माथा ते पाया 200 मिलिसेकंद, जाऊन-येऊन. चुनखडकात वेग सेकंदाला 4000 मीटर धरला तर जाडी 400 मीटर. शेजारच्या तेवढ्याच जाडीच्या शेलला, 2500 च्या वेगाने, 320 मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्लॅटफॉर्मखालून येणारा प्रतिध्वनी 120 मिलिसेकंद लवकर पोचतो आणि सपाट थरही फुगलेला दिसतो. पट्टी लावून मोजलं. फुगवटा जवळपास तेवढाच भरला! वर वेगवान खडक आहे, याची साक्ष तो खालचा थरच देत होता.

पण ज्वालामुखीचा खडकही वेगवान असतो. म्हणून चुंबकीय नकाशा काढला. चुनखडक चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ मुका. बेसाल्ट तसा नसतो. पहिल्या उंचवट्यावर नकाशा शांत होता. दक्षिणेकडच्या दुसऱ्या उंचवट्यावर मात्र ठळक विसंगती, आणि नीट पाहिलं तर त्याला सपाट माथा नव्हता, आत थरही नव्हते. तोही मी निळाच रंगवला होता. पुसला.

मग थ्रीडी डेटातून माथ्यालगतची टाइम स्लाइस, म्हणजे एकाच वेळेवरचा आडवा काप, काढली. करड्या पटावर गोल गोल खळगे. माथा कधीतरी समुद्राबाहेर आला होता, पावसाच्या पाण्याने चुनखडक विरघळला होता, त्या कार्स्टच्या खुणा लाखो वर्षांनी स्क्रीनवर दिसत होत्या. मी बराच वेळ बघत राहिले. अशा पोकळ्यांत ड्रिलिंगचा मड (विहिरीत दाब राखणारा चिखलासारखा द्रव) अचानक गायब होतो, विहिरीतला दाब ढासळतो, आणि धोका रिगवरच्या माणसांना असतो.

डेप्थ मायग्रेशननंतर, म्हणजे खडकांचे वेग वापरून सेक्शन वेळेऐवजी खोलीत मांडल्यावर, खालचा थर जवळजवळ सपाट झाला. त्या दिवशी विहिरीची प्रस्तावित जागा मी सर्वांत मोठ्या खळग्यापासून दूर सरकवली आणि नकाशा मॅडमकडे पाठवला.