विसाराआधी लिहून घेतलेली दोन कलमं

वाई तालुक्यातली एक एकर जमीन पसंत पडली. मालक दोघे भाऊ. थोरले म्हणाले, "दादा, ओळखीतला व्यवहार हाय. विसार द्या, कागदं मागनं बघू." सातबाऱ्यावर बोजा नव्हता, मीही ही आगाऊ रक्कम देऊन मोकळा झालो असतो. वकीलबाईंनी अडवलं.

साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, त्यांनी दोन कलमं घातली. टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायला, जाहीर नोटीस द्यायला आणि मोजणी करायला 60 दिवस. त्यात खोट निघाली आणि मुदतीत निस्तरली नाही, तर विसार 15 दिवसांत परत, एक रुपयाही न कापता. "जमीन निर्वेध असल्याची हमी प्रत्येक साठेखतात असते," त्या म्हणाल्या, "ती खोटी ठरली तर पैसे कधी आणि किती मिळणार, हे कुणी लिहून घेत नाही." थोरले जरा दुखावले. तरी सही केली.

30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, स्वच्छ आला. पण सर्चमध्ये दिसतात ते नोंदवलेले दस्त. घरातल्या घरात झालेलं तिथं सापडत नाही. म्हणून तहसीलमधून जुन्या फेरफारांच्या, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदींच्या, नकला काढल्या. 1987 च्या वारसनोंदीत दोन भाऊ कब्जेदार, बहिणीचं नाव इतर हक्कात. पुढच्याच फेरफारात तिच्या नावाला कंस, म्हणजे नाव कमी केलेलं. कारण काय, तर 'हक्क सोडल्याची वर्दी', म्हणजे नुसती खबर. खाली अंगठा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठंच नाही.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापामागं मुलगी भावांइतकीच वारस. तिचा वाटा साध्या वर्दीनं सुटत नाही. वकीलबाईंनी कलमावर बोट ठेवून भावांना पत्र धाडलं. खरं सांगतो, कलम नसतं तर मला ते दोघे उभंही करून घेते ना. आता विसार परत द्यायचा, नाहीतर बहिणीला विचारायचं. विसार तर खर्चून झाला होता.

बहीण म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं." अंगठा कशावर घेतला हेही तिला आठवत नव्हतं. मी मुदत महिनाभर वाढवून दिली, तीही लेखी. शेवटी हक्कसोडपत्र न करता तिलाच खरेदीखतात 'लिहून देणार', म्हणजे विकणारी, म्हणून घेतलं आणि तिच्या वाट्याचा चेक तिच्या नावानं काढला.

दुय्यम निबंधक कार्यालयात तिचा अंगठा मशीनवर उमटेना, कामानं रेषा झिजलेल्या. चौथ्यांदा उमटला. मग तिनं चेक कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला.